शंका आहेत, तरी पुढे जावे का?

वाचकांचे प्रश्न

या वेळची पत्रे ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातली आहेत आणि जवळपास सगळी एकाच गोष्टीभोवती फिरतात: ख्रिस्तावर विश्वास ठेवावासा वाटतो, पण शंका सुटत नाहीत. पत्रे थोडक्यात छापली आहेत. उत्तरे एक पाळक, एक कॅथलिक धर्मशिक्षिका आणि एक वकील यांनी मिळून दिली आहेत. मंडळ्यांमध्ये (म्हणजे वेगवेगळ्या चर्चमध्ये) जिथे मतभेद आहे तिथे तसे सांगितले आहे.

पणजोबा नगरला मिशन शाळेत मास्तर होते. घरात दोन वेळची प्रार्थना असते. मी ऐरोलीला आयटीत आहे. रविवारी उपासनेला जातो, पण दोन वर्षे झाली, आतून काहीच पटत नाही. मतांगीकार (विश्वासाचे ठरलेले निवेदन) म्हणताना ढोंग केल्यासारखे वाटते. जाणे बंद करू का? (वय २६, कोपरी, ठाणे पूर्व)

इतक्यात नको. आधी ‘काहीच पटत नाही’ हे फोडून पाहा, कारण एवढ्या मोठ्या वाक्याला कोणी उत्तर देऊ शकत नाही. कागद घ्या आणि एका ओळीत एकच शंका लिहा, तीही नेमकी. ‘देव आहे का?’ असे लिहिण्यापेक्षा ‘भावाच्या अपघाताच्या वेळी देव कुठे होता?’ असे लिहा. मग प्रत्येक ओळीपुढे खूण करा: माहितीची शंका, दुःखाची, माणसांची, की इच्छेची. पहिल्या तिन्ही लगेच ओळखू येतात. चौथी म्हणजे ‘ख्रिस्ताचे ऐकायचे तर मला अमुक सोडावे लागेल’ ही. ते अमुक कधी एखादे नाते असते, कधी पैशाचा व्यवहार, कधी जुना दावा. ही ओळ सगळ्यात शेवटी येते, आणि बरेच जण त्याआधीच कागद मिटून टाकतात.

गाडी अडते ती बहुधा इथे, की शंका एका जातीची आणि उपाय दुसऱ्या जातीचा. चर्चच्या जागेवरून दोन गटांत कोर्टकचेरी झालेली असते, एकाच बाकावर बसणारे काका-मामा एकमेकांशी बोलत नाहीत, आणि पोरगा रात्री दोन वाजेपर्यंत यूट्यूबवर आस्तिक-नास्तिकांचे वादविवाद ऐकत बसतो. वाद कोणीही जिंको, त्याचा राग जागच्या जागी राहतो. उलटही होते. ज्याला खरोखर शुभवर्तमानांच्या (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांच्या) तारखा जाणून घ्यायच्या असतात, त्याला ‘बाळा, प्रार्थना कर’ एवढेच उत्तर मिळते. माहितीच्या शंकेला पुस्तक आणि अभ्यास केलेला माणूस लागतो. एका वेळी एकच घ्या, तीन-चार आठवडे द्या, मग पुढची. दुःखाच्या शंकेपुढे युक्तिवाद करू नये. माणसांच्या शंकेत घडलेली गोष्ट नावानिशी बोलावी लागते, आणि प्रसंगी मंडळी बदलावी लागते. इच्छेच्या शंकेसाठी तोंड बंद ठेवणारा एक वडीलधारा पुरतो.

आता ढोंगाबद्दल. योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात थोमा हा शिष्य सगळ्यांसमोर सांगतो की खिळ्यांचे व्रण पाहिल्याशिवाय येशू उठला असे मी मानणार नाही. आठ दिवसांनी तो त्याच शिष्यांबरोबर त्याच घरात असतो. त्याला कोणी बाहेर काढलेले नाही आणि तोही उठून गेलेला नाही. मतांगीकारात जे वाक्य गळ्यातून निघत नाही तिथे गप्प राहा, बाकीचे म्हणा. ३२५ साली निकाया इथे ठरलेल्या मतांगीकाराची सुरुवात ग्रीकमध्ये ‘आम्ही विश्वास ठेवतो’ अशी आहे. तो मुळात मंडळीचा जबाब आहे. प्रभुभोजन घ्यायचे की काही काळ थांबायचे, हे पाळकांशी बोलून ठरवा. संडे स्कूल शिकवत असाल तर तेवढे तूर्त दुसऱ्याकडे द्या. गाणे, खुर्च्या लावणे, आजाऱ्यांना भेटणे चालू ठेवा. आणि मुदत घाला. आगमनकाळापासून (नाताळाआधीच्या चार आठवड्यांपासून) ईस्टरपर्यंत चारेक महिने मिळतात, ते पुरेत. बेमुदत शंका कधी तपासली जात नाही, ती नुसती सवय होऊन बसते.

शुभवर्तमाने येशूनंतर कित्येक वर्षांनी लिहिली गेली आणि त्यांचा आपसात मेळ नाही, असे वाचले. मग विश्वास कशावर ठेवायचा? (निवृत्त शिक्षक, वाशी)

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्या चर्चमध्ये उघडपणे सांगितल्या गेल्या पाहिजेत. बहुसंख्य अभ्यासक मार्काचे शुभवर्तमान साधारण इ. स. ७० च्या आसपासचे, मत्तय व लूक त्यानंतरचे आणि योहान शतकाच्या अखेरचे मानतात. वधस्तंभाची घटना ३० किंवा ३३ सालची. म्हणजे मधे चाळीसेक वर्षे जातात. पण प्रेषित पौलाची पत्रे याआधीची आहेत. करिंथकरांस पहिले पत्र ५५ च्या सुमाराचे. त्याच्या पंधराव्या अध्यायात, तिसऱ्या ओवीपासून, पौल म्हणतो की मला जे मिळाले तेच मी तुम्हाला दिले: ख्रिस्त मेला, पुरला गेला, उठवला गेला, केफाला (म्हणजे पेत्राला) दिसला, मग बारा जणांना. म्हणजे हा मजकूर पत्राच्याही आधीपासून तोंडपाठ होता. ख्रिस्ती नसलेल्यांत रोमन इतिहासकार टॅसिटस याने ११६ च्या सुमारास लिहिले आहे की सम्राट तिबेरियसच्या काळात रोमन सुभेदार पिलाताने ख्रिस्ताला मृत्युदंड दिला. यहुदी इतिहासकार जोसेफसचाही दाखला मिळतो, मात्र येशूवरच्या त्याच्या मुख्य उताऱ्यात पुढे कोणी ख्रिस्ती हाताने भर घातली आहे. तो उतारा जसाच्या तसा पुरावा म्हणून कोणी पुढे केला तर मान डोलावू नका.

विसंगतीही पाहा. रिकाम्या कबरेजवळ मत्तयात एक देवदूत आहे, मार्कात पांढऱ्या झग्यातला तरुण, लूकमध्ये दोन पुरुष, योहानात दोन देवदूत. पण मग्दालीया मरीया चौघांतही आहे, आणि त्या काळात बाईच्या साक्षीला फारसे वजन नव्हते. बनावट गोष्ट रचणाऱ्याने पहिला साक्षीदार असा निवडला नसता. हा युक्तिवाद वजनदार आहे, पण त्याने पुनरुत्थान सिद्ध होते असे आम्ही म्हणणार नाही. इतिहास तुम्हाला दारापर्यंत आणतो. उंबरा ओलांडायचा की नाही हे माणसानेच ठरवायचे असते. आणखी एक: मार्काच्या सोळाव्या अध्यायातल्या ९ ते २० या ओव्या सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत, आणि योहानातली व्यभिचारी स्त्रीची गोष्टही नाही. हे चर्चच्या विरोधकाकडून पहिल्यांदा कळले की माणूस हादरतो. म्हणून ते आधीच कळलेले बरे.

वाचायला मार्कापासून लागा. सोळा अध्याय आहेत. ठाणे-वाशी लोकलच्या अर्ध्या तासात तीन अध्याय आरामात होतात. दुसऱ्या फेरीला लूक, मग प्रेषितांची कृत्ये (लेखक तोच), मग रोमकरांस पत्राचे पाच ते आठ अध्याय. उत्पत्तीपासून सुरुवात करणारे बहुतेक जण लेवीय पुस्तकात थकतात आणि दोष स्वतःच्या विश्वासाला देतात. आजीच्या पवित्र शास्त्राची भाषा अडत असेल तर सोप्या मराठीतली आवृत्ती घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

प्रार्थनेला बसले की देवाविषयी घाणेरडे, निंदेचे विचार येतात. पवित्र आत्म्याविरुद्धचे पाप घडले, आता क्षमा नाही, असे वाटते. फादरांकडे आठवड्यातून तीनदा पापनिवेदनाला जाते. (घणसोली)

मार्क ३:२८ ते ३० शांतपणे वाचा. तिथे येशू ज्यांना इशारा देतो ते शास्त्री त्याचे काम डोळ्यांदेखत पाहून, ते सैतानाचे आहे असे जाणूनबुजून ठरवून बसलेले आहेत. तुम्हाला विचार नको आहेत, त्यांची भीती वाटते आहे. म्हणजे तुमची गोष्ट नेमकी उलट आहे.

नको असलेला विचार, मग धास्ती, मग निवेदन, मग तासाभराची मोकळीक आणि पुन्हा तोच विचार: हे चक्र ओसीडी (मंत्रचळ) या आजाराचे असू शकते. धार्मिक माणसांत तो याच रूपात दिसतो. वारंवार निवेदन केल्याने चक्र तुटत नाही, उलट घट्ट होते, कारण दर वेळी मनाला ‘धोका खरा होता’ असा निरोप जातो. म्हणून तीन गोष्टी करा. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, यावर औषध आहे, आणि विचार येऊ देऊन प्रतिक्रिया न देण्याची शिकवणीही आहे. शासनाची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क मिळते. पापनिवेदनासाठी एकच फादर ठरवा, किती दिवसांनी यायचे ते त्यांना ठरवू द्या आणि मधे गेलात तर त्यांनी परत पाठवावे असे आधीच सांगून ठेवा. आणि प्रार्थना लहान ठेवा. मनात विचार आला तरी ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची नाही, जिथे आहात तिथून पुढे जायचे.

आईच्या कॅन्सरसाठी सगळ्या मंडळीने उपास केला. ती गेली. आता लोक म्हणतात, विश्वास कमी पडला. (कळवा)

असे म्हणणाऱ्यांना बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय दाखवा. ‘तुझेच काहीतरी चुकले असेल’ म्हणणाऱ्या मित्रांवर देव रागावतो आणि तक्रार करणाऱ्या ईयोबाला बरोबर ठरवतो. तुम्हाला सध्या प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर स्तोत्र १३ किंवा ८८ वाचा. ८८ वे तर अंधारातच संपते, शेवटी आशेची ओळही नाही. तरी ते शास्त्रात ठेवले गेले. वर्षश्राद्धाच्या जागी स्मरणार्थ उपासना ठेवायची असेल तर पाळकांना सांगा, त्या दिवशी उपदेश नको, फक्त वाचन आणि गाणी ठेवा. ‘का?’ या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नाही, आणि ते असल्याचा आव आणणाऱ्यापासून सध्या थोडे लांबच राहा.

मी नर्स आहे, हिंदू घरातली, गाव सातारा. सोबतच्या सिस्टरमुळे तीन वर्षे बायबल वाचते. बाप्तिस्मा घ्यायचा आहे, पण अजून काही शंका आहेत. नवऱ्याला माहीत आहे, सासूबाईंना नाही. रीत काय, किती वेळ लागतो? (वय ३१, कोपरखैरणे)

आधी तुमच्या शंकांबद्दल. बाप्तिस्म्याला सगळ्या शंका मिटलेल्या असाव्यात अशी अट कुठल्याही मंडळीत नाही. मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप एका दमात दोन्ही सांगतो: विश्वास आहे, आणि माझा अविश्वास घालवा. त्याचा मुलगा बरा होतो. विचारले जाते ते एवढेच: येशू प्रभू आहे असे मानून त्याच्यामागे चालायची तयारी आहे का, आणि हा निर्णय तुमचा स्वतःचा आहे का.

कॅथलिक चर्चमध्ये रस्ता लांबचा आहे आणि आमच्या मते शंका असलेल्यासाठी तेच बरे. धर्मग्रामाच्या (तुमच्या भागातल्या चर्चच्या) कार्यालयात जाऊन फादरांची वेळ घ्या. वर्ग मराठीत किंवा हिंदीत हवा असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, नाहीतर तुम्हाला इंग्रजी वर्गात बसवतील. सुरुवातीचे काही महिने चौकशीचे असतात, कशालाच बांधून घ्यावे लागत नाही. मग दीक्षार्थी म्हणून स्वीकार होतो, कपाळावर क्रुसाची खूण केली जाते. इथून पुढे चर्च तुम्हाला आपले मानते, इतके की बाप्तिस्म्याआधी मरण आले तरी ख्रिस्ती अंत्यविधी मिळतो. प्रायश्चित्तकाळाच्या (ईस्टरआधीच्या काही आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी बिशपांसमोर निवड होते. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी दीक्षार्थींसाठी खास प्रार्थना असतात आणि योहानातली तीन वाचने: शोमरोनी बाई, जन्मांध आणि लाजर. योहानाचा नववा अध्याय, म्हणजे जन्मांधाचा, घरी सावकाश वाचा. तो आंधळा आधी म्हणतो, ‘येशू नावाचा माणूस’. मग म्हणतो, ‘संदेष्टा’. मग, ‘देवापासून नसता तर याला काही करता आले नसते’. शेवटी पाया पडतो. एका अध्यायात तो चार पायऱ्या चढतो, आणि मधे ‘ते मला माहीत नाही’ म्हणायला लाजत नाही. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरण-मिस्सेत बाप्तिस्मा, दृढीकरण (विश्वास पक्का करण्याचा विधी) आणि ख्रिस्तप्रसाद एकाच वेळी मिळतात. धर्ममाता किंवा धर्मपिता एक असला तरी चालतो. तो दृढीकरण झालेला कॅथलिक, साधारणतः सोळा वर्षे पूर्ण केलेला आणि तुमच्या आईवडिलांपैकी नसलेला हवा. या सगळ्याला वर्ष धरून चाला.

चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, मेथडिस्ट आदी मंडळ्यांत पाळक काही महिने दर आठवड्याला वर्ग घेतात, मग उपासनेत सर्वांसमोर प्रश्नोत्तरे होऊन बाप्तिस्मा. बाप्टिस्ट आणि पेन्टेकॉस्टल मंडळ्यांत पाण्यात पूर्ण बुडवून, आधी साक्ष देऊन. कोणी ‘या रविवारीच घे, शंका पाण्यात राहतील’ म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा. घाईचे बाप्तिस्मे सहा महिन्यांत कसे विरतात हे पाळक मंडळींना चांगले ठाऊक असते. आणि कोणी नोकरी, पैसे, शाळाप्रवेश किंवा आजार बरा होण्याची हमी दिली, औषध बंद करायला सांगितले, तर ती जागाच सोडा.

घरचे. सासूबाईंना बाप्तिस्म्याआधी कळले पाहिजे, आणि ते तुमच्याकडून. आधी नवऱ्याला बरोबर घ्या. ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई सोबत नव्हत्या, आणि पुढची काही वर्षे दोघांची ताटातूट झाली. पौल तर स्पष्ट लिहितो (१ करिंथ ७:१३) की विश्वास न ठेवणारा नवरा नांदवायला राजी असेल तर बायकोने त्याला सोडू नये. देवघर घरातल्या सगळ्यांचे आहे, त्यातली मूर्ती हलवायचा अधिकार तुमचा नाही. गौरी-गणपतीला गावी जा, पुरणपोळ्या लाटा, पाहुण्यांचे करा. आरतीचे ताट हातात घ्यायचे की नाही ते आधीच ठरवून एकदाच शांतपणे सांगा, ऐन वेळी नाही. प्रसादाबद्दल मंडळ्यांची मते वेगळी आहेत. १ करिंथमधले आठवा आणि दहावा अध्याय वाचून पाळकांना विचारा.

कायद्याचे मुद्दे वकिलांकडून. संविधानाचे २५ वे कलम तुम्हाला विवेकस्वातंत्र्य देते. धर्म बदलण्याआधी प्रशासनाला कळवण्याबाबत राज्यात त्या वेळी जो नियम लागू असेल तो तपासून घेऊनच तारीख धरा. हिंदू विवाह कायद्यानुसार जोडीदाराने धर्म बदलणे हे दुसऱ्याला घटस्फोट मागण्याचे कारण होऊ शकते. लग्न मात्र आपोआप मोडत नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली वेगळे राहून पोटगी मागण्याचा पत्नीचा हक्क जातो, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालची पोटगी धर्म पाहत नाही. माहेरचा तुमचा स्वतःचा वारसाहक्क राहतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम २६ अडते ते धर्मांतरानंतर जन्मलेल्या आणि वारसा उघडताना (म्हणजे ज्याची मिळकत तो वारला तेव्हा) हिंदू नसलेल्या मुलांना. अनुसूचित जातीचा दाखला असणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावे: १९५० च्या आदेशानुसार हिंदू, शीख व बौद्ध यांनाच तो दर्जा मिळतो, आणि बाप्तिस्मा लपवून सवलत घेणे ही फसवणूक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये म्हटले आहे. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही. नाव बदलायची गरज नाही. सातारचे नाव घेऊनही ख्रिस्ती राहता येते.

बाप्तिस्मा होऊन दीड वर्ष झाले. सुरुवातीचा आनंद ओसरला, शंका परत आल्या. मी खोटा होतो का? (माजिवडा, ठाणे)

पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांनी त्या काळाबद्दल पुढे लिहिले. मनाची खात्री पटायला आणखी आठेक वर्षे गेली, आणि त्याच काळात त्यांनी शारदा सदन उभे केले. नीळकंठशास्त्री गोरे यांचा बाप्तिस्मा १८४८ चा. नेहेम्या गोरे म्हणून प्रसिद्ध झाल्यावरही शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. दोघांनाही कोणी खोटे म्हणत नाही.

दीड वर्षानंतर कोरडेपणा येतो त्याची कारणे बहुतेक साधी असतात. वर्ग संपतो आणि कोणी विचारपूस करत नाही. शिफ्ट बदलते आणि रविवार हुकतो. सकाळची एक तासाची प्रार्थना ठरवलेली असते, ती जमत नाही, म्हणून दहा मिनिटांचीही सुटते. तेव्हा दहाच मिनिटे धरा: एक स्तोत्र, शुभवर्तमानाचा अर्धा अध्याय, एका माणसाचे नाव घेऊन प्रार्थना. घरगुती सभा असेल तर पंधरवड्याला एकदा चुकवू नका. कोणाची तरी नेमाने सेवा करा, एखाद्या एकट्या वृद्धाचे बँकेचे काम, औषध आणून देणे, काहीही. मोठ्या मेळाव्यात जाऊन पहिला आनंद पुन्हा मिळवायचा प्रयत्न करू नका. तो उतरला की आधीपेक्षा खाली वाटते.

लहानपणी नगरला बाप्तिस्मा झाला. कॉलेजात सगळे सोडले. आता पुन्हा मनापासून विश्वास ठेवते. नेरूळमधली नवी मंडळी म्हणते, परत बाप्तिस्मा घे. (वय ३८)

कॅथलिक, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, मेथडिस्ट या मंडळ्या पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत. तुमच्यासारख्यांसाठी तिथे दृढीकरण आहे, किंवा ईस्टरला बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण. बाप्टिस्ट आणि पेन्टेकॉस्टल मंडळ्या तान्हेपणीचा बाप्तिस्मा धरत नाहीत. त्यांचेही म्हणणे शास्त्र वाचूनच आलेले आहे. सभासद कुठे व्हायचे ते आधी ठरवा, बाप्तिस्म्याचा प्रश्न त्यावरून सुटेल.

कुठेही गेलात तरी जुना दाखला लागेल. नगरच्या मंडळीला स्वतःचे पूर्ण नाव, आईवडिलांची नावे, जन्मतारीख आणि बाप्तिस्म्याचे अंदाजे वर्ष लिहून कळवा. नोंदवहीतला उतारा सही-शिक्क्यासह मागा. मंडळी दुसऱ्या पाळकक्षेत्रात विलीन झाली असेल तर धर्मप्रांताच्या कार्यालयाला पत्र टाका, जुन्या वह्या पुष्कळदा तिथे असतात. नोंद सापडलीच नाही तर त्या वेळी हजर असलेल्या दोघांचे लेखी निवेदन चालते का, हे नव्या पाळकांना विचारा. मावशी-काका हयात आहेत तोवर हे काम उरकून घ्या.